एका ओळीची दाद

वाचनकट्ट्यावर एक क्षण हटकून येतो. कुणीतरी आपलं लिहिलेलं वाचून संपवतं, कागदाची घडी घालतं आणि मान वर करतं. दहा-बारा माणसं एकमेकांकडे बघतात. मग एक जण म्हणतो, ‘‘छान!’’ लगेच आणखी चौघं म्हणतात, ‘‘हो, छानच झालंय.’’ आणि पुढच्याच्या नावाचा पुकारा होतो. यात कुणाचंच काही चुकत नाही. ते ‘छान’ मनापासूनचंच असतं. पण ज्यानं वाचलं, त्याच्याकडे तेव्हा जरा बघावं. तो अजून थांबलेला असतो. त्यानं ते पान कधी लिहिलेलं असतं? रात्री ओटा आवरल्यावर, किंवा लोकलमध्ये उभ्या उभ्या मोबाइलवर टिपून. दोनदा खोडून, तिसऱ्यांदा उतरवून. आता त्याला एवढंच हवं असतं की, यातलं तुमच्यापर्यंत नेमकं काय आलं?

अशा वेळी कोपऱ्यातली एखादी ताई म्हणते, ‘‘ती आजी डब्याचं झाकण दोनदा दाबून बघते ना, ते मला दिसलं हो. माझी सासू अगदी अशीच करायची.’’ बस, इतकंच. या एका वाक्यानं लिहिणाऱ्याचा चेहरा उजळतो. त्यानं कदाचित मुलाच्या परीक्षेची गोष्ट म्हणून ती लिहिलेली असते. झाकणाची ओळ सहज येऊन गेलेली असते. आता त्याला कळतं की गोष्ट तिथे जिवंत झाली. घरी जाऊन तो पुन्हा वही उघडतो. कौतुकानं माणूस सुखावतो, यात शंका नाही. पण पुढचं पान लिहायला बसवते ती अशी नेमकी दाद.

आणि ती द्यायची तर आधी ऐकावं लागतं. हेच तर अवघड. खरं सांगायचं तर कट्ट्यावर दुसरा वाचत असताना आपल्यापैकी निम्म्यांचं लक्ष आपला नंबर कधी येतो याकडेच असतं. मनातल्या मनात आपली सुरुवात घोळत असते. चष्मा पुसून होतो, कागद नीट लावून होतात. शेजारच्याची कविता संपलेली आपल्याला टाळ्या ऐकून कळते! हे माणसाच्या स्वभावाला धरूनच आहे, त्याबद्दल वाईट वाटून घ्यायला नको. त्यावर एक साधा उपाय मात्र आहे. ऐकायला बसताना मनाशी एवढंच ठरवायचं की, यातली एक ओळ मी उचलणार. एकच. सगळं लक्षात ठेवायचं ओझं नको, परीक्षण करायची जबाबदारी नको. ओळ शोधायची म्हटलं की कान आपोआप उघडतात आणि आपला नंबर मागे पडतो.

आपल्याकडे ही रीत काही नवी नाही. गोष्ट सांगताना आजी मध्येच थांबायची. ‘‘हुं म्हण रे, नाहीतर मी नाही सांगत.’’ पोरानं हुंकार दिला की गोष्ट पुढे सरकायची. हुंकार थांबला की पोर झोपलं असं समजायचं. सांगणाऱ्याइतकंच ऐकणाऱ्यालाही काम होतं. श्रावणात देवळात पोथी लागायची, तेव्हाही एक जण वाचायचा, दुसरा अर्थ सांगायचा, आणि बाकीची मंडळी मध्येच शंका काढायची. जात्यावर समोरासमोर बसलेल्या बायकांचंही तसंच. एकीनं ओवी धरली की दुसरी ती उचलायची, तिच्यात आपल्या माहेरचं नाव घालायची. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेडोपाडी फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. एवढं साहित्य कुणी एकटीनं खोलीचं दार लावून रचलेलं नाही. समोर ऐकणारी होती, म्हणून ते सुचत गेलं.

बहिणाबाई चौधरींचं उदाहरण तर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं. जळगावजवळच्या असोद्यात 1880 साली जन्मलेल्या या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर, चुलीपुढे त्या गाणी म्हणत. घरातल्या कुणाला तरी ती नुसती गाणी वाटली नाहीत, हे आपलं भाग्य. मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ यांनी ती ऐकून उतरवून ठेवली. बहिणाबाई 1951 साली गेल्या. पुढे सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्र्यांनी ती छापायचा आग्रहच धरला आणि 1952 साली पुस्तक आलं. त्या कवितांचं थोरपण बहिणाबाईंचंच, त्यात वाटेकरी कुणी नाही. तरी मला नेहमी त्या उतरवून घेणाऱ्यांचं कौतुक वाटतं. घरातलं माणूस रोज गुणगुणतं, ते आपण किती वेळा कान देऊन ऐकतो? ‘‘आईचं आपलं चालूच असतं,’’ म्हणून पुढे जाणारेच जास्त.

कविमंडळींचाही एक कट्टा होता. 1923 साली पुण्यात रविकिरण मंडळ निघालं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, मनोरमाबाई आणि श्रीधर रानडे अशी ही मंडळी. रविवारी चहाला जमायचं आणि एकमेकांच्या कविता ऐकायच्या, अशी त्याची सुरुवात. पुढे त्यांनी मिळून पुस्तकं काढली, कविता गाऊन म्हणायची प्रथा गावोगाव नेली. अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’ मध्ये या कवींची भरपूर थट्टा केली, तीही लोकांनी आवडीनं वाचली. थट्टा करायलासुद्धा कविता नीट वाचावी लागते, नाही का? विडंबनकार हा तसा फार लक्ष देऊन वाचणारा वाचक.

‘सत्यकथा’ मासिकाचं नाव जुन्या वाचकांकडून ऐकलं असेल. 1982 साली ते बंद झालं. त्याचे संपादक राम पटवर्धन नव्या लेखकांना सविस्तर पत्रं लिहायचे. कथेत कुठे काय साधलंय, कुठे नाही, याची त्यात चर्चा असायची. अशी पत्रं लेखकांनी वर्षानुवर्षं जपून ठेवली. आपल्या लिखाणावर कुणीतरी इतका वेळ घालवला, ही गोष्ट माणूस विसरत नाही. आपण संपादक नाही, आपल्याला तेवढा अधिकार नाही आणि तेवढा वेळही नाही. पण एका ओळीपुरता वेळ तर प्रत्येकाकडे असतो.

मग चूक दिसली तर ती सांगायची की नाही? सांगायची. आधी जे पोचलं ते सांगावं, मग जिथे अडखळलो ते. ‘‘शेवट मला कळला नाही, दोन वेळा ऐकायला हवा होता,’’ असं म्हटलं तर समोरच्याला राग येत नाही. ‘‘शेवट असा पाहिजे होता,’’ म्हटलं की मात्र तो मिटतो. गोष्ट त्याची आहे. अडखळलो कुठे एवढं आपण सांगावं, रस्ता त्याचा त्यानं काढावा. आणि शुद्धलेखनाच्या चुका सगळ्यांसमोर मोजून दाखवणारे जे एक गृहस्थ प्रत्येक कट्ट्यावर असतातच, त्यांना प्रेमानं चहाची व्यवस्था बघायला सांगावं.

हे सगळं जमायला जागा लागते, आणि ती आपल्याकडे आहे. रत्नागिरीचं वाचनालय 1828 सालचं, नाशिकचं 1840 चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर 1848 चं. कोल्हापूर, कल्याण, ठाणे यांनीही एकोणिसाव्या शतकातच आपापली वाचनालयं उभी केली. 1967 साली महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि खेड्यापाड्यांतल्या लहान ग्रंथालयांनाही सरकारी अनुदानाची वाट मिळाली. त्यातली पुष्कळ दोन खोल्यांची आहेत. कपाटं जुनी, वर्तमानपत्रांचं टेबल, आणि एक ग्रंथपाल जो सभासदाचा चेहरा बघून त्याला काय हवं ते ओळखतो. महिन्यातून एका रविवारी ते टेबल बाजूला सरकवून सतरंजी टाकली की झाला कट्टा. वेगळं सभागृह लागत नाही, ध्वनिक्षेपक लागत नाही. खरं तर ध्वनिक्षेपक नसलेलाच बरा. तो आला की माणसं भाषण करायला लागतात.

सगळेच जण लिहिणारे नसतात. काही जण फक्त वाचणारे असतात, आणि माझ्या मते कट्टा त्यांच्यावर चालतो. पुस्तकाबद्दल बोलतानाही तीच सवय कामाला येते. कथानक पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगत बसलं की ऐकणारे घड्याळ बघतात, आणि मग ते पुस्तक वाचायची कुणाला गरजही उरत नाही. त्याऐवजी एकच प्रसंग सांगावा. आपण तो कुठे वाचला, वाचताना कुठे थांबलो, तेवढं सांगावं. पुढच्या आठवड्यात ते पुस्तक कपाटात नसतं. पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्यामधलं भिलार 2017 सालापासून पुस्तकांचं गाव झालं. तिथल्या लोकांनी घरातल्या खोल्या वाचकांसाठी उघडल्या. कुणाच्या घरी कविता, कुणाच्या घरी आत्मचरित्रं. स्ट्रॉबेरी घ्यायला आलेला माणूस परक्याच्या पडवीत तासभर वाचत बसतो. ज्यांच्या घरी पुस्तकं आहेत, त्यांनाही वाचणाऱ्याची सोबत होते.

एक गोष्ट मात्र अधूनमधून मनाशी घोळवावी. आपल्या कट्ट्यावर कोण येत नाही? 1878 साली पुण्यात पहिली ग्रंथकार सभा भरली, तिचे अध्यक्ष न्यायमूर्ती रानडे होते. 1885 च्या सभेचं बोलावणं जोतीराव फुल्यांनाही गेलं. त्यांनी पत्र लिहून नकार कळवला. जे लोक सगळ्या माणसांचे हक्क मोकळ्या मनानं मान्य करत नाहीत, त्यांच्या सभेत आपलं मिसळणं होणार नाही, असा त्या पत्राचा रोख होता. ते पत्र मराठी साहित्याच्या इतिहासात सभेइतकंच महत्त्वाचं ठरलं. आज आपल्या लहानशा कट्ट्यावर कुणी कुणाला अडवत नाही. पण न अडवणं पुरेसं असतं का? सोसायटीतला सुरक्षारक्षक अहिराणीत गाणी करतो, हे कुणाला ठाऊक नसतं. पोळ्या करायला येणाऱ्या मावशींकडे त्यांच्या गावच्या दुष्काळाच्या गोष्टी असतात. रविवारची संध्याकाळ त्यांना सोयीची नसते, आणि ‘‘वाचनकट्ट्याला या,’’ म्हटलं की त्यांना वाटतं, तिथे पुस्तकी भाषेत बोलावं लागेल. त्यांना बोलवायचं तर वेळ बदलावी लागेल, आणि मालवणी, वऱ्हाडी, कोल्हापुरी जे येईल त्यात बोला, असं आधीच सांगावं लागेल. हे बोलावणं चिठ्ठी लावून होत नाही. एकेकाला जाऊन सांगावं लागतं.

तुम्ही आता कामाला निघायच्या गडबडीत असाल. डबा भरायचा असेल, किल्ल्या सापडत नसतील. कट्टा रविवारी, आणि आज कदाचित मंगळवार असेल. हरकत नाही, ऐकायला रविवारच लागतो असं नाही. कुटुंबाच्या ग्रुपवर भाचीनं चार ओळी टाकल्या असतील, आणि खाली सगळ्यांचे टाळ्यांचे हात ओळीनं लागले असतील. त्यात आणखी एक हात टाकण्याऐवजी तिला लिहा, ‘‘तिसरी ओळ वाचून मला आपला जुना वाडा आठवला.’’ कार्यालयातला सहकारी जेवताना गावच्या जत्रेचं काही सांगत असेल, तर मध्येच आपली जत्रा सुरू करू नका. त्याला विचारा, ‘‘मग पालखी पुढे कुठून गेली?’’ मुलानं शाळेतला निबंध दाखवला तर शेऱ्याकडे आणि गुणांकडे जाण्याआधी त्यातलं एक वाक्य त्यालाच मोठ्यानं वाचून दाखवा. आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना मुलं जे लाजतात, ते बघण्यासारखं असतं. याला एक मिनिट लागतं. लोकल चुकत नाही.

दिवसाला एक ओळ अशी उचलायची सवय लागली की आपल्या लिहिण्यावरही तिचा परिणाम होतो. दुसऱ्याच्या गोष्टीत झाकण दोनदा दाबणारी आजी दिसली की आपल्या घरातलं बारीकसारीकही दिसायला लागतं. वडील बाहेर पडताना कुलूप ओढून बघतात, बायको भाजी घेताना भाव विचारायच्या आधी भाजीवालीच्या मुलीची चौकशी करते. हे रोज समोर होतं, पण नोंद होत नव्हती. मग एखाद्या रात्री आपणही वहीत दोन ओळी लिहितो. त्या चांगल्या आहेत की नाहीत, याची काळजी लगेच नको. रविवारी कुणीतरी सांगेलच, कुठली पोचली ते.

नवीन माणसं बहुतेक वेळा दारातच थांबून विचारतात, ‘‘मी काही लिहीत नाही. आलो तर चालेल ना?’’ चालेल म्हणजे काय, अगदी हवेच आहात. वाचायला बारा जण तयार असतात, ऐकायला माणूस कमी पडतो. जवळच्या वाचनालयात एकदा चौकशी करा. सभासद व्हायला फार कागदपत्रं लागत नाहीत, थोडी अनामत आणि महिन्याची वर्गणी, जी बहुतेक ठिकाणी दोन माणसांच्या चहा-नाश्त्याहून कमी असते. ग्रंथपालांना विचारा, इथे काही जमणं होतं का. होत असेल तर पहिल्या दिवशी मागे बसा आणि नुसतं ऐका. होत नसेल तर तुमच्यासारखंच विचारून गेलेलं आणखी कुणी आहे का, तेही त्यांनाच विचारा. ग्रंथपालांना ते बहुधा माहीत असतं. दोघं झालात तरी सुरुवात करता येते. एकानं वाचायचं, एकानं ऐकायचं, आणि पुढच्या खेपेला उलट.